सुमनला विचारल्याशिवाय बदलू नये

टेस्टिंगवाल्या माणसाची वही दोन्ही बाजूंनी भरत जाते. पुढून चुका, मागून किस्से! पुढची पानं साहेबांना दाखवायची, मागची चुकूनसुद्धा नाही. गेल्या वर्षी माझ्या वहीत मागची बाजू पुढच्या बाजूला येऊन भिडली. आता हे कोणाला तरी सांगून टाकलंच पाहिजे, नाहीतर नवी वही काढावी लागेल.

आधी ओळख करून देते. आमची कंपनी ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. आम्ही सोसायट्यांसाठी पाण्याची पेटी बनवतो. नळाला पाणी आलं की ही पेटी मोटार चालू करते, मग वाल उघडते आणि वरची टाकी भरली की सगळं बंद करते. पेटीच्या पोटात एक प्रोसेसर, आणि त्याच्यावर आमचा स्वतःचा कर्नल. कर्नल म्हणजे पेटी चालू झाल्यावर सगळ्यांत आधी जागा होणारा आणि मग बाकीच्या प्रोग्रॅमना उठवून कामाला लावणारा प्रोग्रॅम. प्रत्येक घरात असं एक माणूस असतंच, तसा. तो गोंधळून मध्येच बंद पडला, की आम्ही म्हणतो कर्नल पॅनिक झाला.

हा कर्नल लिहिला पेंडसे काकांनी. एकट्यांनी, वीसेक वर्षांपूर्वी. काका डोंबिवलीचे, शर्ट कायम इन केलेला, बोलणं शुद्ध आणि तापट. त्यांचा एक नियम होता. प्रोसेसर बदलला की जे जे बदलतं, म्हणजे त्याला एका वेळी किती मोठा आकडा पेलतो, त्याचा कुठला कप्पा कशासाठी, त्याला हाक मारायच्या तारा किती, ते सगळं एकाच फाईलमध्ये लिहायचं. बाकी कर्नलने त्या फाईलकडे बघून वागायचं. या फाईलला काका म्हणायचे 'पत्रिका'. प्रत्येक प्रोसेसरची वेगळी पत्रिका!

आणि मग आमची जुनी चिप कारखान्यातच बनायची बंद झाली. नवी चिप आणा, नवी पत्रिका लिहा, कर्नल तिच्यावर चालवून दाखवा, असं काम आलं. आमचे मालक सावंत साहेब स्पष्ट बोलले, "मार्चअखेरपर्यंत नव्या चिपची पेटी एका खऱ्या सोसायटीत चालून दाखवा. नाही जमलं तर मी बाहेरची तयार पेटी आणतो, वर आपला स्टिकर लावतो."

मार्चअखेरीलाच काका रिटायर होणार होते. म्हणजे पेटी चालली नाही तर काका आणि त्यांचा कर्नल एकाच दिवशी घरी जाणार! काकांनी हे ऐकलं आणि फक्त टेबलावरचं कॅलेंडर उलटं करून ठेवलं.

कामाला आम्ही चौघं. काका, प्राजक्ता गायकवाड, बंटी म्हात्रे आणि मी. प्राजक्ता दिव्याला राहते, तिचं डोकं जोरात चालतं आणि तोंड त्याहून जोरात. बंटी कल्याण-शिळ रोडवरच्या गावातला आगरी, घरची शेती बिल्डरकडे गेली आणि हा इंजिनीअर झाला. आणि मी वैशाली. लोकांनी केलेलं काम मोडून दाखवायचा मला पगार मिळतो!

* * *

त्याच महिन्यात गेटवर नवीन वॉचमन आले. शिंदे मामा. फौजेतून रिटायर झालेले, मिशा पीळदार, उभं राहणं असं की आपलीच पाठ सरळ व्हावी.

पहिल्या दिवशी त्यांनी बंटीला फोनवर बोलताना ऐकलं. "नाही रे, कर्नल अजून उठलाच नाही." मामांनी घड्याळ बघितलं. सकाळचे अकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ता जिन्यावरून ओरडत गेली, "अरे, कर्नल परत लटकला!" मामा दोन पायऱ्या चढले आणि परत उतरले.

मोठ्या माणसांच्या भानगडीत आपण पडू नये म्हणून मामा गप्प राहिले असावेत. पण येता-जाता आमच्या खोलीच्या बंद दाराकडे बघून ते सावधानमध्ये उभे राहायला लागले. आत कोणीतरी मोठा साहेब आहे आणि त्याची तब्येत बरी नाही, एवढं त्यांनी नक्की केलं होतं.

आठवडाभराने काका स्वतःच बाहेर आले, चष्मा कपाळावर, आणि माझ्यावर तापून म्हणाले, "वैशाली, कर्नल पॅनिक झालाय! तिसऱ्यांदा! एवढ्याशा कारणावरून!"

आता मामांना राहवलं नाही. ते पुढे आले आणि छाती काढून म्हणाले, "साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. पण बावीस वर्षं नोकरी केली, आमच्या पलटणीत कर्नल पॅनिक झालेला मी एकदाही बघितला नाही!"

* * *

काकांच्या कर्नलची एक खोड होती. जागा झाला की तो पहिल्यांदा स्क्रीनवर रोमन अक्षरांत नमस्कार लिहायचा. "उठल्यावर माणसाने आधी नमस्कार करावा, मग कामाला लागावं," असं काकांचं म्हणणं. त्यामुळे नव्या चिपवर स्क्रीनवर नमस्कार कधी उमटतोय, याचीच आम्ही वाट बघत होतो.

तीन आठवडे स्क्रीन काळी! आणि एका दुपारी, जेवणाचे डबे उघडे असताना, स्क्रीनवर अक्षरं आली! प्राजक्ता किंचाळली, माझ्या हातातली पोळी खाली पडली, बंटी खुर्चीवर चढला. आम्ही सगळे वाकून वाचायला लागलो.

AMANRAKS.

"यो अमन कोन हाय रं?" बंटी खुर्चीवरूनच ओरडला.

अमन आमच्या एचआरमधला मुलगा. नुकताच लागलेला, केसांना जेल लावणारा. कर्नलमध्ये घुसून 'अमन रॉक्स' लिहायचं आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने, म्हणजे हद्दच झाली! मी स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. मी रागात असले की फार भरभर चालते, तो बिचारा मागून जवळजवळ पळत आला.

"मॅडम, आईशप्पथ मी नाही केलं! मला तर तुमच्या खोलीचा दरवाजासुद्धा उघडता येत नाही!"

 काकांनी पेन्सिल घेतली आणि कागदावर NAMASKAR लिहिलं. चार-चार अक्षरांचे दोन तुकडे केले. मग प्रत्येक तुकडा शेवटाकडून सुरुवातीकडे वाचला. NAMA चं झालं AMAN, आणि SKAR चं झालं RAKS!

"आपला कर्नल चार-चार अक्षरं उचलून देतो," काका म्हणाले. "जुनी चिप थोरल्या पातीची. मोठा आकडा ठेवताना ती थोरला भाग आधी ठेवायची. ही धाकट्या पातीची आहे, धाकट्याला पुढे बसवते. पत्रिकेत पाती चुकीची लिहिलीय आपण."

प्राजक्ताने पत्रिकेतली एकच ओळ बदलली. पेटी बंद करून चालू केली आणि स्क्रीनवर स्वच्छ NAMASKAR! काकांनी खरोखर हात जोडले. मला त्या क्षणी एवढा आनंद झाला की मी अमनला मिठी मारता मारता राहिले.

तो मात्र जागचा हलला नाही. शेवटी हळूच म्हणाला, "सर, ती एक ओळ परत उलटी करता का? फक्त दोन मिनिटं. आईला फोटो पाठवायचाय!"

* * *

चिपच्या जाडजूड पुस्तकात जागोजागी लिहिलेलं असतं, 'हा कप्पा राखीव'. म्हणजे इथे काही लिहू नका. का, ते सांगत नाहीत. बंटीला हे पटेना. "रिकामाच आहे ना, मग वापरू की!" असं म्हणून त्याने एका राखीव कप्प्यात आपलं काहीतरी लिहिलं. पाच मिनिटांत चिप एवढी तापली की तिच्यावर पापड भाजता आला असता.

काकांनी त्याला अर्धा तास सुनावलं. "राखीव म्हणजे राखीव! रिकामं दिसलं तरी बसायचं नाही!"

त्याच संध्याकाळी बंटी आणि काका एकाच बसने स्टेशनला निघाले. पुढचा भाग बंटीच्या तोंडून.

"बस अर्धी रिकामी. मागे दोन सीट तुटलेल्या, बाकी डावीकडे सगळ्या महिलांसाठी राखीव, आणि उजवीकडे पोती घेऊन लोक बसलेले. मी गेलेलो पटकन बसायला. काका दांडा धरून उभेच! मी पण उठलो मग, काय करणार? कंडक्टर बोलला, 'काका, बसा हो. बाई चढली की उठा.' काका काय बोलले माहितीये?"

काका कंडक्टरला म्हणाले होते, "बाई चढली की उठा, हे मला कळतं हो. प्रोसेसरला कसं समजावणार?"

कंडक्टरने बंटीकडे बघितलं आणि विचारलं, "यांना घरी सोडायला कोणी आहे का?"

* * *

नव्या चिपवर कर्नल उठायचा खरा, पण दोन मिनिटं चालून लटकायचा. प्राजक्ता तेव्हा खोपटच्या एसटी स्टँडवर बसली होती, मावशीकडे नाशिकला जायला. गाडीला वेळ होता म्हणून तिने बंटीला फोन लावला. तिचा आवाज मुळात स्टँडच्या भोंग्याएवढा.

"अरे, पत्रिकाच जुळत नाहीये रे! जुन्याची पत्रिका नव्याला कशी चालेल? ... जुना संपला, त्याचं नाव नको काढू आता ... नवा चांगला आहे, फास्ट आहे, पण धाकट्या पातीतला ना! ... हो, जबरदस्तीने बसवला तर दोन मिनिटं नीट वागतो आणि मग लटकतो ... आणि गरम किती होतो! परवा बंटी, तुझाच हात भाजला ना?"

शेजारच्या बाईंनी पिशवी मांडीवर घेतली, सरकून जवळ आल्या आणि प्राजक्ताच्या पाठीवरून हात फिरवला.

"बाळा, पहिल्याचं झालं ते झालं. पण हा असा गरम डोक्याचा, लोकांचे हात भाजणारा! कशाला करतेस? घाई कसली आहे तुला?"

प्राजक्ता अजून आपल्याच तंद्रीत. ती म्हणाली, "मावशी, घाई मला नाही हो! पण मार्चअखेरपर्यंत हा नाही जमला, तर साहेब बाहेरून रेडिमेड आणणार आहेत!"

बाई नाशिकची गाडी सोडून पुण्याच्या गाडीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

* * *

जुन्या पत्रिकेच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती. आकड्याचं नाव SUMAN, किंमत बावीस लाख, आणि पुढे काकांनी लिहून ठेवलेलं: 'सुमनला विचारल्याशिवाय बदलू नये.'

आता ही सुमन कोण? चिपच्या पुस्तकात असा शब्द नाही. काकांना विचारलं तर ते चष्मा पुसायला लागले. "अनुभवाने आलेला आकडा आहे. वीस वर्षं चाललाय. हात लावू नका, पुढचं बघा." आणि कान लाल!

आम्ही तर्क लढवायला लागलो. बंटीचं म्हणणं, हे इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून केलेलं नाव असणार. त्याने फळ्यावर लिहूनही दाखवलं: सिस्टिम, युनिट, मोटार, आणि... पुढे 'ए' आणि 'एन'चं जमेना, तर म्हणाला, "आणि नळ!" अमन रोज दारात येऊन विचारायचा, "सुमन मिळाली का?" एचआरच्या जुन्या यादीत त्याने शोधलं, सुमन नावाची एकही बाई आमच्याकडे कधी कामाला नव्हती.

काकांच्या कॉलेजातली कोणी असेल, असंही बोलून झालं. काकांचं लग्न झालेलं होतं, पण बायकोचा विषय निघाला की ते फक्त 'आमची ही' म्हणायचे. त्यामुळे आमचा संशय वाढतच गेला.

प्राजक्ताला ती ओळख नसलेली ओळ नव्या पत्रिकेत नको होती. "ताई, कशासाठी आहे ते माहीत नाही, तर घ्यायची कशाला? निदान नीट समजून तरी घेऊ."

इथे मी तापले. लिहिलेल्या सूचना न वाचणाऱ्या लोकांचा मला भयंकर राग आहे, माझी अर्धी वही त्यांच्यामुळेच भरली आहे. मी म्हटलं, "स्वच्छ मराठीत लिहिलंय ना, बदलू नये? मग बदलायचं नाही! आहे तसा आकडा उतरवून घे." तिने उतरवला, बावीस लाख, एक शून्य इकडचं तिकडे नाही.

पत्रिका जुळून कर्नल लटकायचा थांबला, मग मी टेस्ट घेतली. आमच्या खोलीत मोटार नाही, पाइप नाही. मोटारीऐवजी पिवळा दिवा आणि वालऐवजी हिरवा. जुन्या पेटीत पिवळा लागला की बऱ्याच वेळाने हिरवा लागायचा. नव्या पेटीत पिवळा लागला आणि लगेच हिरवा! मी खूश होऊन वहीत काय लिहिलं ते अजून आहे, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून.

'नवी चिप फारच फास्ट! शाब्बास!!'

* * *

खरी सोसायटी मिळवून दिली प्राजक्ताने. दिव्याला तिच्याच बिल्डिंगमध्ये! तिथे पाणी दिवसाआड, दुपारी तीनला, जेमतेम तासभर येतं. त्या तासासाठी लोक सुट्टी टाकतात. तिच्या आईने तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "प्राजू, तुझ्या पेटीने पाणी गेलं तर मी जिन्यात कोणाला तोंड दाखवू?"

तीनला पाच मिनिटं कमी असताना अख्खी बिल्डिंग खाली. बायका बादल्या घेऊन, पोरं कठड्यावर, सेक्रेटरी बनियनवर. सावंत साहेब मुद्दाम आले होते. काका घड्याळ हातात घेऊन पेटीसमोर उभे.

पाणी आलं. पेटीवर नमस्कार उमटला. मोटार घरघरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका तोंडातल्या तोंडात मोजत होते, "एक, दोन..."

धडाम!

पाइप भिंतीपासून वीतभर उडाला, जोड सुटला, आणि पाण्याचा फवारा सरळ सेक्रेटरींच्या बनियनवर! पोरं नाचायला लागली. सेक्रेटरी ओरडले, "बंद करा! अरे बंद करा ते!" बायका मात्र त्याही गडबडीत बादल्या घेऊन फवाऱ्याखाली पोचल्या होत्या. प्राजक्ताची आई सगळ्यांत पुढे. बादली भरता भरता तिने लेकीला सांगितलं, "पाणी तरी आलं गं!"

सावंत साहेबांनी रुमालाने चष्मा पुसला. "पेंडसे, परवा परत पाणी येईल. त्यानंतर मार्च संपतो. परवा शेवटचं."

काका ओल्या पायऱ्यांवर बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. घड्याळाकडे बघत एकच वाक्य परत परत म्हणत होते, "अकरा पाहिजेत. तीनसुद्धा झाले नाहीत. अकरा पाहिजेत."

प्राजक्ता त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "कशाचे अकरा, काका?"

"सेकंद! मोटार लागल्यावर अकरा सेकंद थांबायचं, मगच वाल उघडायचा. मोटारीला जोर धरू दिला नाही तर वरच्या पाइपातलं पाणी खाली येऊन आपटतं."

"पण असं अकरा कुठेच लिहिलेलं नाहीये!"

"आहे ना. सुमन."

"सुमन बावीस लाख आहे, काका!"

आणि तिथेच, त्या ओल्या पायरीवर, काकांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. वीस वर्षांपूर्वी त्या जुन्या पेटीत वेळ मोजायचं घड्याळच नव्हतं. म्हणून काकांनी प्रोसेसरला नुसतं जागच्या जागी फिरायला लावलं होतं. बावीस लाख फेऱ्या मारायला जुन्या चिपला अकरा सेकंद लागायचे. फेऱ्यांचा वेग प्रोसेसरवर ठरतो, म्हणून तो आकडा पत्रिकेत! नवी चिप चौपट वेगाची, तिने त्याच फेऱ्या तीन सेकंदांच्या आत संपवल्या. 'बदलू नये' म्हणून आम्ही बदलला नाही, आणि म्हणूनच पाइप उडाला. म्हणजे मीच उडवला! मी वही उघडली आणि 'शाब्बास'वर काट मारली, एवढी जोरात की पान फाटलं.

"मग आत्ता बदलू," प्राजक्ता लॅपटॉप उघडत म्हणाली. मग थांबली. "पण काका, इथे लिहिलंय, सुमनला विचारल्याशिवाय बदलू नये. दोन दिवसांत सुमनला कुठे शोधायचं?"

काकांनी खिशातून फोन काढला. कान परत लाल. नंबर लावला, आणि गडबडीत स्पीकर चालू झाला.

"अगं, ऐकतेस का," काका म्हणाले, "तुझा आकडा बदलावा लागतोय."

"बदला की," पलीकडून आवाज आला. "पण मी आल्याशिवाय नाही!"

* * *

दोन दिवसांनी दुपारी अडीचला रिक्षातून सुमनकाकू उतरल्या. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, आणि डोळ्यांत एवढी उत्सुकता की आम्ही सगळे आपोआप बाजूला झालो. सेक्रेटरी आज शर्ट घालून आले होते. पाइपला नवीन जोड, सावंत साहेब छत्री घेऊन!

पाण्याला वेळ होता, म्हणून बंटीने विचारलंच. "काकू, अकराच का?"

"अरे, पेटी येण्याआधी आमच्या बिल्डिंगचं पाणी मीच सोडायचे," काकू म्हणाल्या. "मोटारीचं बटण पहिल्या मजल्यावर, वाल खाली मागच्या बाजूला. बटण दाबायचं, जिना उतरायचा, वाल उघडायचा. कधी पाइप वाजला नाही. मग ह्यांची पेटी आली. मोटार लावल्या लावल्या वाल उघडायची आणि धडाम! तीन वेळा पाइप फुटला, ह्यांना काही समजेना. शेवटी मी म्हटलं, घड्याळ घ्या आणि मी उतरते तेवढं मोजा."

"अकरा सेकंद," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी मिळून एवढे मोठे तर्क लढवले होते, आणि सुमन डोंबिवलीत जिना उतरत होती!

प्राजक्ताने लॅपटॉप काकूंसमोर धरला. "काकू, नव्या चिपमध्ये घड्याळ आहे. म्हणून मी आता फेऱ्या काढून टाकल्या, सरळ अकरा सेकंद लिहिलंय. आणि ओळ पत्रिकेतून काढून बाहेर ठेवलीय. फक्त तुमचं 'हो' बाकी आहे."

काका एकदम ताठ झाले. "पत्रिकेतून का काढलीस?"

"पत्रिकेत फक्त प्रोसेसरवर अवलंबून असलेलं ठेवायचं, हा तुमचाच नियम ना, काका? सुमन आता कुठल्याच प्रोसेसरवर अवलंबून नाही. उद्या कुठलीही चिप येऊ दे, अकरा म्हणजे अकराच."

काकूंनी मान हलवून होकार दिला. काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मला भरून आलं, म्हणून मी बंटीला उगाचच ओरडले.

तीन वाजले. पाणी आलं. पेटीवर नमस्कार उमटला आणि मोटार लागली. कोणीतरी जोरात "एक!" म्हणालं, आणि मग अख्खी बिल्डिंग मोजायला लागली. दोन! तीन! तीनला सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले. पाच! सात! प्राजक्ताने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. नऊ! दहा! काकू काठीवर रेलून डोळे मिटून उभ्या. अकरा!

वाल हळूच उघडला. पाइपचं हूं की चूं नाही. पाणी गुपचूप वर चढलं, आणि थोड्या वेळाने गच्चीवरून पोरांची आरोळी आली, "टाकीत पडतंय! पडतंय!" प्राजक्ताच्या आईने रिकामी बादली वाजवायला सुरुवात केली. बंटीने काकांना उचललं, अक्षरशः उचललं, इन केलेला शर्ट बाहेर!

सावंत साहेबांनी छत्री मिटली. "पेंडसे, पेटी आपलीच," ते म्हणाले. "आणि स्टिकरपण आपलाच."

बंटी अजून धापा टाकत होता, पण त्याला आता फारच हुरूप आला होता. तो सरळ काकूंसमोर जाऊन उभा राहिला.

"काकू, एक विचारू? चिप आता चौपट फास्ट झालीये. अकराचे तीन-चार करून टाकायचे का?"

काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि काठी जमिनीवर टेकवत म्हणाल्या, "चिप झाली असेल रे फास्ट. माझे गुडघे आहेत तेच आहेत!"